सिमेंटमध्ये घुसमटलेला क्रेगीव्हार

जुन्या वाड्याची भिंत ओल धरू लागली की कुणीतरी हमखास सुचवतं, "चुना खरवडा आणि सिमेंट मारा, काम पक्कं होईल." स्कॉटलंडमध्येही लोकांनी हेच केलं, आणि तेही अ‍ॅबरडीनशायरमधल्या क्रेगीव्हार कॅसलसारख्या देखण्या वास्तूला.

नाव कॅसल असलं तरी हा लढाऊ किल्ला नव्हे, बाल्टिक बंदरांशी व्यापार करून गबर झालेल्या विल्यम फोर्ब्सचं राहतं घर. 1626 मध्ये ते पूर्ण झालं. खाली सरळसोट भिंती. वर मात्र बुरूज आणि टोकदार छपरांची गर्दी. अंगावर गुलाबी गिलावा. तो थापीने सारवत नाहीत. बारीक खडी घातलेला चुना भिंतीवर फेकून मारतात.

खरी गंमत या चुन्यात आहे. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवला की त्याचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. भिंतीवर गेल्यावर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतं आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतं, म्हणजे चुनखडीच! या थरात सूक्ष्म रंध्रांचं जाळं राहतं. पावसात तो पाणी पितो, वारा सुटला की माठासारखा ते वाफेने सोडून देतो. पृष्ठभाग खडबडीत असल्याने बाष्पीभवनाला जागाही जास्त मिळते. (आपल्याकडे जुन्या चुन्यात गूळ-बेलफळ घालत, त्याने गुणधर्म बदलतात हे खरं, पण काहीजण शोधतात तसं त्यात 'हरवलेलं दिव्य तंत्रज्ञान' शोधू नये.)

सिमेंटचा थर दाट आणि ताठ. भिंत उन्हाथंडीने किंचित हलली की त्याला केसासारख्या भेगा पडतात. भेग जितकी अरुंद, तितकं केशाकर्षण जोरदार. पाणी आत ओढलं जातं, पण वाफेला बाहेर पडायला तेवढीच चिंचोळी वाट. हिवाळ्यात आतलं पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं आणि पोपडे सुटतात.

क्रेगीव्हारवर विसाव्या शतकात चढवलेला सिमेंटचा गिलावा अखेर काढून पुन्हा चुन्याचा केला. स्कॉटलंडमधल्याच हेलन्सबरा गावातल्या हिल हाउस या घराची गोष्ट अधिक अवघड. वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने 1902 ते 1904 दरम्यान ते बांधताना मुळातच पोर्टलँड सिमेंटचा गिलावा वापरला, त्यामुळे तिथे वारसाच सिमेंटचा! 2019 मध्ये संपूर्ण घराभोवती पोलादी सांगाडा उभारून त्यावर धातूच्या कड्यांची जाळी चढवली. वारा आत खेळतो, पाऊस बराचसा बाहेर राहतो. आधी भिंती वाळवायच्या, दुरुस्ती त्यानंतर.