90 मिलिमीटरची दूरदृष्टी : फेरारीचं कोलंबो इंजिन

1945 च्या उन्हाळ्यात एन्झो फेरारींनी जोआक्किनो कोलंबो या अभियंत्याला बोलावून घेतलं. युद्ध नुकतंच संपलं होतं आणि फेरारींना स्वतःच्या नावाची रेसिंग कार काढायची होती, तीही 12 सिलिंडरची. दोघांची ओळख जुनी होती. अल्फा रोमिओची गाजलेली 158 ही कार कोलंबोंनीच रेखाटली होती आणि ती घडली होती फेरारींच्या मोदेना इथल्या वर्कशॉपमध्ये.

नव्या इंजिनाची क्षमता ठरली फक्त 1.5 लिटर. म्हणजे एकेका सिलिंडरच्या वाट्याला साधारण 125 सीसी, आपल्याकडच्या एखाद्या मोटरसायकलीइतकीच. गाडीचं 125 एस हे नावही त्यावरूनच पडलं. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींशी 60 अंशांचा कोन करून बसवल्या होत्या, म्हणून अशा इंजिनाला व्ही-12 म्हणतात. हा कोन उगाच निवडलेला नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक आवर्तन क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत पुरं होतं. त्याला 12 ने भागलं की बरोबर 60 अंश येतात, त्यामुळे दर 60 अंशांवर एक स्फोट होतो. शिवाय सहा सिलिंडरची सरळ रांग मुळातच संतुलित असते, त्यामुळे अशा दोन रांगा जोडल्या तरी इंजिन थरथरत नाही.

कोलंबोंची खरी हुशारी मात्र बाहेरून दिसत नाही. पहिल्या इंजिनाचा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, होता 55 मिमी. पण शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमध्ये त्यांनी अंतर ठेवलं 90 मिमी. म्हणजे दोन सिलिंडरांच्या मध्ये तब्बल 35 मिमी जागा. एवढ्याशा इंजिनाला इतक्या जागेची गरज नव्हती. ब्लॉक उगाच लांब झाला, असंही कुणी म्हणू शकलं असतं. पण पुढच्या वीस वर्षांचा इतिहास त्या मोकळ्या जागेनेच घडवला.

ब्लॉक अल्युमिनियमचा आणि सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतल्या नळ्या, त्यात वेगळे बसवलेले, त्यामुळे बोर वाढवणं सोपं होतं. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव. ती सुरुवातीला 52.5 मिमी होती, 166 मॉडेलमध्ये 58.8 मिमी झाली आणि मग बरीच वर्षं तिथेच राहिली. बोर तेवढा वाढत गेला : 60, 65, 68, 70, 73 आणि शेवटी 77 मिमी. क्षमता 2 लिटरवरून 3.3 लिटरवर पोहोचली, आणि 35 मिमीची जागा 13 वर आली. स्ट्रोक आखूड ठेवण्याचा फायदा वेगात दिसतो. 3 लिटरचं इंजिन मिनिटाला 7200 फेरे घेत असतानाही पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 14 मीटरच राहतो. त्याच वेळी सेकंदाला 720 स्फोट होत असतात. या इंजिनांचा आवाज गुरगुरत नाही, सुरात चढत जातो, त्यामागे हेच गणित आहे.

आराखडा देऊन कोलंबो 1945 संपता संपता अल्फाकडे परतले. इंजिन चालतं करण्याचं काम अभियंते ज्युसेप्पे बुस्सो यांच्याकडे आलं. 11 मे 1947 रोजी इटलीतल्या पियाचेन्झाला गाडीची पहिली शर्यत झाली. चालक फ्रांको कोर्तेझे आघाडीवर असताना इंधन पंपाने दगा दिला. 25 मे रोजी रोममध्ये तेच जिंकले. 1949 मध्ये 2 लिटरच्या 166 एमएमने फ्रान्समधली ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, आणि त्यातला बहुतेक सगळा वेळ लुईजी किनेटी एकटेच गाडी चालवत होते!

फॉर्म्युला वनमध्ये मात्र सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारं यंत्र) लावलेलं 1.5 लिटरचं इंजिन अल्फापुढे टिकेना. तेव्हा फेरारीचे अभियंते औरेलियो लाम्प्रेदींनी सुपरचार्जर सोडून 4.5 लिटरचं वेगळं, लांब ब्लॉकचं व्ही-12 बनवलं. त्याच्या जोरावर 1951 मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला चालक गोन्झालेझ यांनी फेरारीला जागतिक मालिकेतला पहिला विजय मिळवून दिला. हरलेल्या अल्फाचं इंजिनही कोलंबोंचंच होतं.

पण टिकला तो कोलंबोंचा छोटा ब्लॉकच. 3 लिटरच्या 250 टेस्टा रोसामध्ये, लाल रंगाच्या कॅम कव्हरखाली (झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरचं झाकण), त्याने सहा वेबर कार्ब्युरेटरांसह सुमारे 300 अश्वशक्ती दिली. लिटरमागे 100 अश्वशक्ती, तीही हवा दाबून न भरता, हे 1957-58 साली विलक्षण होतं. 1958 मध्ये आणि मग 1960 ते 1965 सलग सहा वर्षं ले मान्स जिंकणाऱ्या सगळ्या गाड्यांमध्ये याच घराण्याची इंजिनं होती.

4 लिटरच्या 330 पासून केंद्रांमधलं अंतर 94 मिमी करावं लागलं. पुढच्या इंजिनांना चार कॅमशाफ्ट आल्या, नंतर फ्युएल इंजेक्शन आलं, आणि शर्यती सुटून प्रवासी गाड्याच उरल्या. शेवटच्या 412 मध्ये बोर होता 82 मिमी आणि क्षमता 4943 सीसी. तिचं उत्पादन 1989 मध्ये थांबलं. 1992 मध्ये आलेल्या 456 चं व्ही-12 पूर्ण नवं होतं. त्याचा कोन 65 अंशांचा.