'फॉरेव्हर यंग'च्या डोक्यावरचा बॉम्ब

लग्नाच्या व्हिडिओंत, कॉलेजच्या निरोप समारंभांत 'अल्फाव्हिल' या जर्मन बँडचं 1984 मधलं 'फॉरेव्हर यंग' इतकं वाजलंय की हे गाणं मुळात अणुबॉम्बच्या भीतीतून आलंय, हे कुणाच्या गावीही नसतं. खरं तर पहिल्याच कडव्यात गाणारा आकाशाकडे बघत सरळ विचारतो, बॉम्ब टाकताय की नाही?

हा प्रश्न तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत रोजचाच होता. सोव्हिएत एसएस-२० या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांना उत्तर म्हणून अमेरिकेची पर्शिंग-२ आपल्या भूमीवर आणायची की नाही, यावर देश पेटला होता. ऑक्टोबर 1983 मध्ये राजधानी बॉनला लाखो माणसं रस्त्यावर उतरली. नोव्हेंबरात संसदेने तरीही मंजुरी दिली. युद्ध झालंच तर पहिला मार आपल्यालाच, हे तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं.

अशा दिवसांत, 1982 मध्ये, म्युन्स्टर शहरात मारियन गोल्ड, बर्नहार्ड लॉइड आणि फ्रँक मर्टेन्स एकत्र आले. बँडचं पहिलं नावच 'फॉरेव्हर यंग' होतं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या चित्रपटावरून 'अल्फाव्हिल' नंतर झालं. जर्मन सिंथ संगीताची, म्हणजे सिंथेसायझरवरच्या संगीताची, वाट ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क बँडने सत्तरच्या दशकातच पाडून ठेवली होती. पण क्राफ्टवेर्कने यंत्राचा थंडपणाच मिरवला. अल्फाव्हिलने त्याच यंत्रांवर गोल्डचा रडवेला, उंच चढणारा आवाज बसवला. माझ्या मते त्यांचं खरं कसब हेच. शिवाय 'नॉइए डॉइचे वेले' (नवी जर्मन लाट) या तेव्हाच्या जर्मन पॉप-रॉकच्या लाटेत सगळे जर्मनमधून गात असताना यांनी इंग्रजी धरली.

जानेवारी 1984 मध्ये पहिली सिंगल आली, 'बिग इन जपान'. घरी कुणी विचारत नाही, पण जपानमध्ये आम्ही फार मोठे, अशी फुशारकी मारणाऱ्या बँडची इंग्रजीत अशीच थट्टा करतात. गोल्डने मात्र त्या शब्दांआड हेरॉइनमधून सुटू पाहणारं एक जोडपं ठेवलं. गाण्यातला 'झू' म्हणजे बर्लिनचं झू स्टेशन. तिथला हेरॉइनचा बाजार तेव्हा देशभर कुप्रसिद्ध होता. असलं गाणं जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये आठव्या. मग 'साउंड्स लाइक अ मेलडी' आलं आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'फॉरेव्हर यंग' हा अल्बम. नॉर्वे-स्वीडनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर पोचला.

शीर्षकगीताचा व्हिडिओ इंग्लंडमधल्या एका जुन्या, ओस मनोरुग्णालयात चित्रित झाला. फाटक्या कपड्यांतली म्हातारी माणसं आणि पोरं झोपेतून उठतात, गाणं ऐकतात आणि उजेडाच्या एका चौकटीतून निघून जातात. कुठे, ते कळत नाही. हे बघूनही लोकांना लग्न कसं आठवतं, कोण जाणे!

वर्ष सरतासरता मर्टेन्स बाहेर पडला. अमेरिकेत तर शीर्षकगीत पहिल्या चाळिसातही आलं नाही. तिथे ते 2009 मध्ये अमेरिकन रॅपर जे-झीने उचललं तेव्हा पहिल्या दहात गेलं, आणि बॉम्बचा तो प्रश्न त्यातही तसाच राहिला.