इम्पोर्ट करताना चित्र का विस्कटतं?

इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये देखणं दिसणारं पात्र अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, की एका हाताचे दोनशे तुकडे होतात, गालावरची छटा सपाट होते, पापण्यांच्या बारीक रेषा वेड्यावाकड्या दिसू लागतात. नव्याने शिकणारी मुलं घाबरतात, आपल्याच हातून काही बिघडलं असं त्यांना वाटतं. पण यामागे जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास आहे. कागदावर छापायच्या चित्राचं गणित आणि पडद्यावर हलवायच्या चित्राचं गणित वेगळ्या घरांत, वेगळ्या गरजांपोटी वाढलं.

दोन्ही घराण्यांचं मूळ मात्र एकाच ठिकाणी सापडतं, फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत. गाडीच्या पत्र्याचा बाक आकड्यांत कसा मांडायचा, हा प्रश्न सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९च्या सुमारास सोडवला. रेनॉमध्ये पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच उत्तरापाशी पोहोचले, आणि वक्राला नाव बेझिएंचं मिळालं. अ‍ॅडोबीने १९८४मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणली तेव्हा तिच्यात हाच वक्र घेतला, चार बिंदूंचा: दोन टोकं आणि बाक ठरवणारी दोन हँडल. १९८७मध्ये आलेला इलस्ट्रेटर म्हणजे पोस्टस्क्रिप्टला चढवलेला चेहरा म्हणायला हरकत नाही.

पोस्टस्क्रिप्टची रंगवण्याची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. तिच्यात आकार एकावर एक ठेवले जातात, गोधडीवर ठिगळ ठेवावं तसे. वरच्याने खालच्याला झाकलं तरी खालचा शाबूत राहतो. प्रिंटरला अखेर काय दिसतं एवढ्याशीच काम असतं. झाकलेल्या भागात काय आहे आणि कोणतं ठिगळ कोणत्या अवयवाचं, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरची जडणघडण वेगळी. जोनाथन गे आणि त्यांची फ्यूचरवेव्ह कंपनी यांनी आधी स्मार्टस्केच बनवलं, पेनने चालणाऱ्या संगणकांवर सहज चित्र काढता यावं म्हणून. त्यात पुढे हालचाल आली, १९९६मध्ये फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर बाजारात उतरलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाने ते विकत घेऊन त्याचं नाव फ्लॅश ठेवलं. तो डायल-अप मोडेमचा काळ होता. एकेक बाइट वाचवायची होती, म्हणून फ्लॅशने चारऐवजी तीन बिंदूंचा वक्र निवडला आणि आकार साठवायची रीतच बदलली.

आपल्याकडे दोन शेतांमध्ये एकच बांध असतो. बांधाच्या या बाजूला एकाची जमीन, त्या बाजूला दुसऱ्याची. फ्लॅशच्या आकारातली प्रत्येक कडा अशीच असते. ती एकदाच लिहिली जाते आणि तिच्या डावीकडे कोणता रंग, उजवीकडे कोणता, एवढंच नोंदवलं जातं. एका लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, निळ्या चौकोनावर लाल गोल काढा, सिलेक्शन सोडा आणि मग तो गोल उचला: खाली चौकोनाला भोक पडलेलं असतं. हाताने चित्र काढणाऱ्याला हे फार आवडायचं, कारण दोन रेषा छेदल्या की उरलेलं टोक नुसतं क्लिक करून पुसता यायचं. इतकी मोकळी रेषा मला दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळाली नाही. पण इलस्ट्रेटरमधली ठिगळं इथे सुटी करून एका लेयरवर आली, की एकमेकांना कापायची. हा त्रास कमी करणारी ऑब्जेक्ट ड्रॉइंगची सोय २००५मध्ये, फ्लॅश ८मध्ये आली.

वक्रांचंही तेच. चार बिंदूंचा वक्र बहुधा तीन बिंदूंच्या एकाच वक्रात बसत नाही, त्याचे दोन-चार तुकडे करावे लागतात. फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइलमध्ये अंतरं पिक्सेलच्या विसाव्या भागात, पूर्णांकात मोजली जात. मोठ्या आकारात ते कळत नाही. चित्र लहान करून घेतलं, की पापणीची रेषा नेमकी तिथेच थरथरते. रंगछटांनाही मर्यादा होती. फ्लॅश ८च्या आधी एका ग्रेडियंटमध्ये, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटेत, आठच रंगबिंदू मावायचे.

इकडे इलस्ट्रेटर दिवसेंदिवस गुंतागुंतीचा होत गेला. १९९८च्या आठव्या आवृत्तीत ग्रेडियंट मेश, म्हणजे रंगछटांची जाळी, आणि नवे ब्रश आले, २०००मध्ये पारदर्शकता आली आणि फाइलचा गाभा पीडीएफचा झाला. मेशसाठी फ्लॅशकडे शब्दच नव्हता, तो भाग पिक्सेलचं चित्र करूनच घ्यावा लागे. ब्रशचा प्रश्न मला पैठणीने शिकवला. काठासाठी एक मोर काढला, साधारण साठ पाथचा, म्हणजे साठ सुट्या रेषाकृतींचा, आणि त्याचा पॅटर्न ब्रश केला, रेघेवर तोच मोर पुन्हा पुन्हा उमटवणारा. इलस्ट्रेटरमध्ये तो काठ म्हणजे एक रेघ. बाहेर नेण्यासाठी ती एक्स्पांड केली, म्हणजे सुट्या आकारांत फोडली, तर चाळीस मोरांचे चोवीसशे पाथ झाले आणि टाइमलाइन जागची हलेना.

त्यात व्यवहाराची आडकाठी होती. मॅक्रोमीडियाकडे १९९५पासून इलस्ट्रेटरसारखंच स्वतःचं फ्रीहँड होतं, त्यामुळे फ्लॅशचा ओढा तिकडे असणं स्वाभाविकच. २०००पासून दोन वर्षं अ‍ॅडोबी आणि मॅक्रोमीडिया पेटंटवरून कोर्टात भांडत होत्या. डिसेंबर २००५मध्ये अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियाच घेतली आणि २००७च्या फ्लॅश सीएस३मध्ये इलस्ट्रेटरची फाइल पहिल्यांदा नीट वाचली गेली. लेयरची यादी समोर यायची, प्रत्येक वस्तू पाथ म्हणून घ्यायची की बिटमॅप म्हणजे पिक्सेलचं चित्र म्हणून, हे ठरवता यायचं, आणि काय जुळत नाही याचा अहवालही मिळायचा. मला ही सोय फार मोलाची वाटते. नेमकं काय हरवणार, ते आधीच कळू लागलं.

मराठी अक्षरांची वेगळीच कथा. आपल्याकडे डीटीपीवाल्यांचा हात कोरलड्रॉवर बसलेला, आणि देवनागरी मजकूर दुसरीकडे नेला की वेलांटी भलत्या ठिकाणी जायची, जोडाक्षर फुटायचं. म्हणून फाइल देण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे त्यांचे नुसते आकार करायची, सवय सगळ्यांना लागली. त्याने अक्षर टिकतं, पण आतली पोकळी सांभाळावी लागते. ‘व’ची बाहेरची रेषा आणि पोटातली रेषा मिळून एक आकार असतो. एका शीर्षकाची फाइल मी दोन फॉरमॅटमधून फिरवली तेव्हा ही जोडी तुटली आणि सगळ्या ‘व’ची, ‘ब’ची पोटं काळी भरून गेली. रात्री एकेक अक्षर निवडून पुन्हा जोडावं लागलं.

व्हिडिओवर काम करणाऱ्या आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरचा जन्म १९९३चा, आणि तिथे मूळ नाणंच पिक्सेल. इलस्ट्रेटरची फाइल आत यायची, पण बाहेरून पाहण्यापुरती. लेयर यायचे तेही सर्वांत वरच्या पातळीवरचेच, त्यांच्या आतले ग्रुप चिकटून राहायचे. म्हणून आजही इलस्ट्रेटरमध्ये ‘रिलीज टू लेयर्स’ करून मगच फाइल दिली जाते. २०१२मध्ये सीएस६ने अशा लेयरचे शेप बनवायची आज्ञा दिली, तरी ग्रेडियंट वाटेत गळायचे आणि हजारो पाथ असले की मशीन अडकून बसायचं.

ब्राउझरमध्ये फ्लॅशच्या फाइली चालवणारा फ्लॅश प्लेअर २०२०च्या अखेरीस बंद झाला. २०१७मध्ये एअरबीएनबीने आणलेल्या लॉटी या फॉरमॅटने वेक्टर, म्हणजे वक्रांनी बनलेल्या, चित्रांची हालचाल मोबाइलवर नेली, पण तिथेही आफ्टर इफेक्ट्समधलं सगळंच चालत नाही, आणि चित्र काढणाऱ्याला पुन्हा तीच विचारपूस करावी लागते. फॉरमॅट काहीही असो, एक गोष्ट कुठलाच इम्पोर्ट भरून देत नाही: कागदावर झाकलेला भाग. हात छातीवर असेल, तर हाताखालची छाती पूर्ण काढलेली हवी. कोपरापाशी दंड आणि मनगटाकडचा भाग, दोन्हींची टोकं एकाच मापाची गोल हवीत आणि ते गोल एकमेकांवर बरोबर बसायला हवेत, म्हणजे हात वाकवला की फट पडत नाही. लेयरला ‘लेयर ४७’ऐवजी ‘उजवा दंड’ असं नाव दिलं, तर पुढच्या माणसाचा निम्मा दिवस वाचतो.