इंजिन बंद आणा आणि घाणेरडं आणा
(जुन्या मोटरसायकलवाल्या ग्राहकांसाठी)

"इंजिन घरीच खोलून, धुऊन आणलंय. तेवढीच तुमची मेहनत वाचली." असं म्हणत महिन्यातून दोन-तीन जण तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजच्या दारात पोतं आणून ठेवतात. पोतं खाली टेकताना खणकन वाजतं, आणि मिस्त्री हातातला पाना ठेवून आत चहा प्यायला जातात. हे पत्रक त्या पोत्यामुळे छापावं लागलं.

बुलेट असो, जावा-येझदी असो, राजदूत असो की आरएक्स हंड्रेड, आमची विनंती एकच आहे. इंजिन न खोलता, जसं आहे तसं आणा. चिखल, वंगण, गवताच्या काड्या, उंदरानं केलेलं घरटं, सगळ्यासकट चालेल. ती घाण आमच्या कामाची असते. तेल कुठल्या पॅकिंगमधून झिरपत होतं ते बाहेरचा काळा थर सांगतो. प्लग काळा आणि तेलकट असेल तर वर तेल जळतंय. पिस्टनच्या अंगावर रिंगांच्या खाली तपकिरी डाग असतील तर रिंगा धरत नाहीत. इंजिनातलं तेल आम्ही स्टीलच्या पांढऱ्या ताटात ओततो आणि दारात उन्हात धरतो. ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तळाशी चमक दिसली तर चुंबक फिरवतो. चिकटली ती लोखंडाची, म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. नाही चिकटली तर बुश किंवा पिस्टन. इंजिन खोलायच्या आधीच अर्धं निदान या ताटात होतं. तुम्ही सगळं धुऊन आणलंत की पेशंट आला पण रिपोर्ट फाडून आला, अशी आमची गत होते.

मागच्या दिवाळीनंतर एक तरुण आजोबांची बुलेट घेऊन आला. म्हणजे चासी घरी होती. इंजिन दोन घमेल्यांत आणि फराळाच्या एका डब्यात होतं. पोरगा मोठा हौशी. मोबाइलवर बघून बघून सगळं खोललेलं. स्वच्छ निघावं म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं अॅल्युमिनियमचं कवच, रात्रभर बुडवून ठेवली होती. कॉस्टिकला वंगण आणि अॅल्युमिनियम यातला फरक कळत नाही, ते दोन्ही खातं. केस काळी पडली होती आणि पॅकिंग बसायच्या जागा खरखरीत झाल्या होत्या. टायमिंगच्या बाजूला क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला तेलपंप फिरवणारा वर्म नट असतो, त्याला उलटे आटे. हे ठाऊक नसल्यानं गड्यानं नेहमीसारखा डावीकडं जोर लावला, म्हणजे तो आणखी आवळला. मग छिन्नी लावली. केसचे दोन भाग सुटेनात म्हणून मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले. त्या ओरखड्यातून तेल येणारच, सांधा बुजवायला कितीही शेलॅक लावा. तीन आठवड्यांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. पोराला आम्ही रागावलो नाही, कारण आम्हीही असेच शिकलो. फक्त ते शिक्षण आजोबांच्या गाडीवर झालं नाही.

खरा वेळ खातात ते वायसर (वॉशर). शाफ्टच्या टोकाला पत्र्याचे पातळ वायसर असतात, काही तर कागदाइतके. कुठल्या शाफ्टला किती, कुठल्या बाजूला, हे त्याच इंजिनात मोजून ठरलेलं असतं. पोत्यात ते एकत्र झाले की सगळं पुन्हा जुळवा, आवळा, फिरवून बघा, परत खोला. एखादा हरवला असेल तर तो हरवलाय हे कळायलाच दोन दिवस जातात. जावाचा मैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. त्यामुळे हरवलेला मूळ पार्ट आणायचा तर जुन्या बाजारात किंवा लेथवर जावं लागतं. म्हणून आमचा हिशेब असा आहे: बंद (न खोललेल्या) इंजिनाची खोलणावळ मजुरीतच धरलेली आहे, वेगळी नाही. खोललेल्या इंजिनाला मात्र जुळवणावळ वेगळी पडते. याला काही ग्राहक नावं ठेवतात. त्यांनी एकदा घमेलं पुढ्यात घेऊन बसावं, आम्ही चहा पाजू.

"मग तुम्ही तरी वेगळं काय धुता?" हा पुढचा प्रश्न. अॅल्युमिनियमला आम्ही डिझेल, ब्रश आणि लाकडाची खपली वापरतो. आतल्या बाजूला वाळूचा मारा करत नाही, कारण एक कण तेलाच्या भोकात राहिला की नवं बेअरिंग गेलं. बोर (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि होनिंग (मग दगडानं घासणं) झाल्यावर सिलिंडर गरम पाण्यात भांड्याच्या साबणानं घासतो. हे बघून लोक हसतात. पण डिझेल फक्त तेल नेतं. होनच्या दगडाची भुकटी बारीक चरांत तशीच बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. साबणानं धुतल्यावर जुन्या धोतराचं पांढरं फडकं आत फिरवतो. फडकं करडं आलं की परत घासायचं. पांढरं आलं की लगेच तेलाचा हात, नाहीतर बिडाचं ओलं सिलिंडर बघता बघता गंजतं.

पिस्टन हातात आल्याशिवाय आम्ही बोर मारायला देत नाही. बुलेट 350 चा बोर 70 मिलिमीटरचा, जावा 250 चा 65 चा, पण बाजारातले दोन पिस्टन मापाला सारखे निघतीलच असं नाही. बोर पिस्टनच्या मापानं होतो, खोक्यावर छापलेल्या आकड्यानं नाही. पिस्टन यायला उशीर झाला की तुमचा फोन येतो, ते साहजिक आहे. पण उद्यमनगरात आहोत म्हणून बरं. बोरिंग, क्रँक प्रेस, बुश ओतून टर्न करणं, सगळं चार गल्ल्यांत होतं. क्रँक मात्र दुसऱ्यानं "सरळ आहे" म्हटलं तरी आम्ही आमच्या डायलवर (वाकडेपणा मोजायच्या मापकावर) पुन्हा बघतोच.

केस बदलायची घाई करू नका. इंजिन नंबर केसवर असतो आणि आरसी बुकाशी जुळावा लागतो. केसचे दोन भाग जोडीनेच मशीन केलेले असतात, एक इथला आणि एक तिथला चालत नाही. नंबर ठोकून देण्याचं काम आम्ही करत नाही, कृपया विचारू नये. ज्यांची गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आहे आणि 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार आहे, त्यांनी तर मूळ इंजिन जपावंच. त्या नियमात गाडी मूळ रूपात असावी लागते आणि इंजिनात फेरफार चालत नाही.

आणताना एवढं करा: पेट्रोल काढा, इंजिनातलं तेल काढू नका. कार्बोरेटर काढलात तर इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबा. नुसतं इंजिन टेम्पोतून पाठवत असाल तर जुन्या टायरमध्ये बसवून पाठवा, सिलिंडरचे पंख तुटत नाहीत. इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका. प्लग काढून डिझेल आणि तेल ओता, आठवडाभर सोडा आणि तसंच आणा. गाडी शेवटची कधी चालली आणि बंद पडताना कसा आवाज आला, ते चिठ्ठीवर लिहा.

इंजिन तुमच्यासमोर खोलतो, मग काय बदलावं लागेल आणि किती खर्च येईल ते लिहून देतो. टेबलावर एका वेळी एकच इंजिन असतं. म्हणून रांग लागते, आणि म्हणूनच एकाचा वायसर दुसऱ्यात जात नाही.

गाडी मिळाल्यावर पहिले 500 किलोमीटर दमानं घ्या. नरसोबाची वाडी करून या, रस्ता सपाट आहे. पहिल्याच रविवारी डबलसीट जोतिबाचा डोंगर चढवून पिस्टन धरलेले (जाम झालेले) दोन जण आमच्याकडे परत आलेत. 500 झाले की या; तेल बदलून हेडचे नट आवळून देतो, मजुरी नाही. सोमवारी बंद. जुने पार्ट महिनाभर नावाच्या पिशवीत ठेवतो, नंतर ते भंगारात जातात.