आत्मकथन आणि त्याचे भांडखोर वाचक

आत्मकथन आलं की वाचकांत तट पडतात. हे आजचं नाही. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने इ. स. ३९७ च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ हे आत्मकथन लिहायला घेतलं आणि त्याच्या हयातीतच त्यावरून वाजलं. ‘जी आज्ञा करशील ती पाळायचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर’ अशी देवाला केलेली विनवणी त्यात आहे. रोममध्ये एका बिशपाने ही ओळ पेलागियस या ख्रिस्ती धर्मशिक्षकासमोर म्हटली, तर तो असा उसळला की हमरीतुमरीवर यायचंच बाकी राहिलं. माणूस स्वतःच्या हिमतीवर चांगला वागू शकतो, असं पेलागियस शिकवायचा. इतरांना जिथे नम्रता दिसली, तिथे त्याला पळवाट दिसली.

त्याच पुस्तकात पेअरची चोरी आहे. सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर रात्री झाड झोडपलं, फळं डुकरांपुढे टाकली. एवढ्यावर ऑगस्टिन पानंच्या पानं स्वतःला खोदत बसतो. अमेरिकी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांना हा राईचा पर्वत भलताच गमतीदार वाटला होता. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात बहुतेकांना तसंच वाटतं.

अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याची गोष्ट आणखी तिखट. आपलं आत्मकथन छापण्याआधी तो १७७०-७१ मध्ये पॅरिसच्या दिवाणखान्यांत वाचून दाखवायचा. अशाच एका बैठकीत, मला अप्रामाणिक म्हणणाऱ्याचा गळा घोटायला हवा, असं बजावून त्याने वाचन संपवलं. सगळे गप्प. एकट्या काउंटेस एग्मों शहारल्या, लगेच सावरल्या आणि त्याही गप्प राहिल्या. हे त्यानेच लिहून ठेवलंय. शहारा कौतुकाचा की किळसेचा, ते मात्र वाचणाऱ्याने ठरवायचं.

मादाम एपिने यांनी काय ते ठरवून टाकलं होतं. कधीकाळी त्यांनी रूसोला राहायला घर दिलं होतं, पुढे बिनसलं. पुस्तकात आपलं काय होणार हे ओळखून त्यांनी पोलीसप्रमुखांना ही वाचनं थांबवायला सांगितलं आणि ती थांबली. आपली बाजू त्यांनी कादंबरीच्या रूपात लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये छापली गेली.

फिलिप लेज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये लेखक आणि वाचक यांच्यातल्या या नात्याला ‘आत्मचरित्राचा करार’ म्हटलं: मुखपृष्ठावरचं नाव, सांगणारा आणि ज्याची गोष्ट तो, तिघं एकच. मग वाचक पुस्तकाबरोबर माणसालाही तपासू लागतो.

खुद्द लेखकही याला अपवाद नाही. सुमारे तीस वर्षांनी, ४२७ च्या आसपास, ऑगस्टिनने आपली पुस्तकं पुन्हा चाळली. ‘कन्फेशन्स’बद्दल कुणाला काय वाटतं ते त्यांचं त्यांनी बघावं, पुष्कळ बांधवांना ते आवडतं, असं म्हणून तो पुढे गेला. खटकलं ते तरुणपणीच्या मित्राच्या मृत्यूवरचं एक वाक्य. मित्र अर्धा आपल्यातच उरलाय, आपणही मेलो तर तो पुरता मरेल, म्हणून आपल्याला मरणाची भीती वाटत असावी, असं त्याने लिहिलं होतं. आता त्याला ती पोकळ भाषणबाजी वाटली. निदान त्यात ‘कदाचित’ हा शब्द घातला होता, एवढ्यावर त्याने स्वतःची समजूत घातली.