निकट लढतीसाठी बंधनयुक्त स्पॅरिंग

मुष्टियुद्धात दोन्ही खेळाडूंची डोकी एकमेकांच्या खांद्यांना टेकतील इतक्या जवळून होणाऱ्या लढतीला निकट लढत किंवा ‘इनफायटिंग’ म्हणतात. तिच्या तयारीसाठी स्पॅरिंगवर, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीवर, मुद्दाम एखादे बंधन घालतात: मागे सरकायला जागा ठेवायची नाही, एकच हात वापरायचा, किंवा फक्त धडावर मारायचे. ६.१ मीटर बाजूच्या रिंगमध्ये मोकळे स्पॅरिंग करणारे दोघे जवळ आले की एक जण मागे सरतो, नाहीतर क्लिंच करतो, म्हणजे समोरच्याला हातांनी कवटाळून धरतो, आणि त्यांना सोडवावे लागते. त्यामुळे अख्ख्या फेरीत निकट लढतीचा वाटा फार थोडा असतो. बंधनामुळे पळवाट बंद होते आणि हा वाटा वाढतो.

यांतला सर्वांत उपयुक्त सराव म्हणजे खांद्याला खांदा लावून लढणे. दोघांनी पुढचे खांदे एकमेकांना टेकवायचे, गुडघे वाकवायचे आणि कपाळ समोरच्याच्या खांद्याच्या बाजूला ठेवायचे. कपाळ त्याच्या हनुवटीखाली नेऊ नये, कारण डोके वर येताच टक्कर होते. पहिले मिनिटभर ठोसे अजिबात नाहीत, फक्त खांद्याने रेटा द्यायचा. समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते खांद्यातून कळते. कमरेतून पुढे झुकलेला खेळाडू इथे लगेच उघडा पडतो: जोडीदाराने बाजूला अर्धे पाऊल टाकले की तो तोंडावर जातो. यानंतर धडावर हलके ठोसे, मग आखूड हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा), आणि शेवटी अपरकट (खालून वर मारलेला ठोसा), तोही सुरुवातीला हनुवटीऐवजी छातीवर. जोर पूर्ण ताकदीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये. फेरी एक ते दोन मिनिटांची पुरे. थकल्यावर खेळाडू लढायचे सोडून एकमेकांवर नुसते रेलतात.

फक्त धडावर मारण्याच्या सरावात यकृताचा ठोसा उत्तम बसतो. यकृत उजव्या बाजूला असते, म्हणून डावा हुक उजव्या कोपराखालून जायला हवा. समोरचा उजवा हुक मारायला कोपर उचलतो तोच त्याचा क्षण. मात्र डोक्याला धोका नाही म्हटल्यावर दोघांचेही हात खाली येतात आणि ही सवय पुढे महागात पडते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फेरीत एकाला अधूनमधून डोक्याकडे हलका ठोसा मारण्याची मुभा द्यावी.

एकहाती स्पॅरिंगमध्ये मोकळा नसलेला हात गालाला चिकटलेला राहतो. तो पाठीमागे बांधू नये. एकाच हाताने हुक, अपरकट आणि बचाव करायचा असल्याने कंबर व पाय फिरवल्याशिवाय काही जमत नाही. जवळून हात मागे खेचायला जागा नसते, तेव्हा आखूड ठोशाची ताकद तिथूनच येते. न वापरलेल्या हाताच्या काखेत घडी केलेला टॉवेल धरला की कोपर बाहेर जाताच तो खाली पडतो आणि चूक सांगावी लागत नाही.

दोघांचे पुढचे पाय जमिनीवर ठेवलेल्या एकाच टायरमध्ये ठेवून लढण्याचा प्रकार बघायला आकर्षक, पण आमच्या मते सर्वांत कमी गरजेचा. पाय अडकल्याने पिव्हट करता, म्हणजे पुढच्या पायावर गिरकी घेऊन कोन बदलता, येत नाही आणि घोटा मुरगळतो. निकट लढतीत कोन बदलणे हेच अर्धे कौशल्य आहे, आणि टायर नेमके तेच हिरावून घेतो. त्याऐवजी खडूने साधारण सव्वा मीटर बाजूचा चौकोन आखावा. दोघांना कमरेला दोरीने बांधू नये. एक पडला की दुसराही त्याच्यावर पडतो.

साधारणपणे १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, माउथगार्ड आणि कमरेखालचे संरक्षक कवच लागते. हेडगार्डमुळे जखमा कमी होतात, पण मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही, म्हणून जोरावरची मर्यादा प्रशिक्षकाने कडकपणे पाळावी. जाड गालपट्ट्यांचे हेडगार्ड एकमेकांत अडकतात. इथे पातळ बरे. हाताच्या कोपरापुढच्या भागाने गळा दाबणे, डोके घुसवणे आणि मानेच्या मागे मारणे हे लढतीत फाऊल आहेत. सरावात ते चालवून घेतले की तीच सवय लढतीत दंड ओढवून घेते.

या सरावांची मोठी उणीव म्हणजे खेळाडूला निकट अंतर आयते मिळते. तिथवर पोहोचायचे कसे हे ते शिकवत नाहीत. पनामाचा मुष्टियोद्धा रॉबेर्तो दुरान याने २० जून १९८० रोजी माँट्रियलमध्ये अमेरिकेच्या शुगर रे लेनर्डला दोरांपाशी रेटत १५ फेऱ्यांत हरवले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला न्यू ऑर्लीन्समध्ये लेनर्ड सतत सरकत राहिला, दुरानला हवे ते अंतर मिळेना आणि आठव्या फेरीत त्याने लढत सोडली. म्हणून बंधनाच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर लगेच एक मोकळी फेरी ठेवावी. तिची सुरुवात जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) अंतरावरून करावी, आणि एकाने डोके हलवत, जॅबच्या आडून आत शिरण्याचेच काम करावे.