मेसॉनिक लॉजचे पदाधिकारी

फ्रीमेसन ही गवंडीकामातली प्रतीके आणि विधी जपणारी बंधुत्वाची संघटना. या संघटनेच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. तिचा कारभार दरवर्षी नव्याने नेमल्या जाणाऱ्या पदाधिकाऱ्यांकडे असतो. त्यांच्यापैकी काहींची कामे कुठल्याही संस्थेत असतात तशीच आहेत: पैसे सांभाळणे, इतिवृत्त लिहिणे, जेवणाची व्यवस्था बघणे. उरलेल्यांची कामे विधीशी बांधलेली आहेत आणि ती समजायची तर गवंड्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा लागतो. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठमोठी चर्चे आणि किल्ले उभारणारे पाथरवट बांधकामाला लागून एक खोपी घालत. तिथेच दगड घडवत, हत्यारे ठेवत, चार घास खात. त्या खोपीला लॉज म्हणत. सूर्य उगवला की काम सुरू, माथ्यावर आला की जेवणाची सुट्टी, मावळला की मजुरी घेऊन घरी. आजच्या लॉजमधली तीन प्रमुख पदे, म्हणजे अध्यक्ष असलेला मास्टर आणि त्याच्या हाताखालचे दोन वॉर्डन, हे या दिवसाचेच तीन प्रहर.

पदांची नावेही त्या धंद्यातूनच आली आहेत. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या बांधकाम खात्याचा प्रमुख विल्यम शॉ याने 1598 आणि 1599 मध्ये पाथरवटांसाठी नियम घालून दिले. त्यांत लॉजवर देखरेख ठेवणाऱ्या वॉर्डनचा उल्लेख येतो. एडिंबरोच्या लॉजची इतिवृत्ते 1599 पासूनची शिल्लक आहेत. डीकन हे पद त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये कारागीर संघाच्या प्रमुखाचे होते. आज तेच नाव निरोप पोचवणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला आहे. परंपरेनुसार 24 जून 1717 रोजी लंडनमध्ये पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाली, तोवर हत्याराला हात न लावणारे सभासद लॉजमध्ये बरेच झाले होते. पुढे इंग्लंडमध्ये दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज उभ्या राहिल्या आणि 1813 मध्ये एक झाल्या. डीकनचे पद इंग्लिश लॉजमध्ये सर्वत्र रुळले ते या एकीकरणानंतर. आज ठरीव वाटणारी पदांची रचना एकाएकी कोणी आखलेली नाही, ती दोनअडीचशे वर्षांत बसत गेली आहे. पुढचे वर्णन मुख्यतः इंग्लिश पद्धतीचे आहे. भारतातल्या लॉजमध्येही थोड्याफार फरकाने तीच रचना दिसते.

सभा उघडताना

पदाधिकाऱ्यांची कर्तव्ये नियमावलीत लिहिलेली असतातच, पण प्रत्येक सभेच्या सुरुवातीला ती मोठ्याने उच्चारलीही जातात. हा भाग गेली दोन शतके छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

मास्टर हातोडीचा ठोका देतो. पहिली काळजी दाराची. ज्युनियर वॉर्डन आतल्या रक्षकाला, म्हणजे इनर गार्डला, दार बंदोबस्तात आहे का ते पाहायला सांगतो. इनर गार्ड दारावर आतून ठोके देतो; बाहेर उभा असलेला टायलर तसेच ठोके देऊन उत्तर करतो. ती खबर आल्या वाटेने परत मास्टरकडे जाते. मग मास्टर एकेका पदाविषयी विचारतो: त्याची जागा कुठे? त्याचे काम काय? उत्तरे सुरू होतात ती टायलरपासून. तो दाराबाहेर, हातात उपसलेली तलवार. अनधिकृत माणसाला आत येऊ न देणे हे त्याचे काम. त्यानंतर इनर गार्ड, मग ज्युनियर डीकन, सीनियर डीकन, दोघे वॉर्डन. मास्टरचे आसन आणि काम सगळ्यांत शेवटी सांगितले जाते: सूर्य जसा पूर्वेला उगवून दिवस उघडतो, तसे मास्टरने पूर्वेला बसून लॉज उघडायचे, बंधूंना, म्हणजे सभासदांना, काम द्यायचे आणि शिकवायचे.

दारापासून आसनापर्यंत चढत जाणारा हा क्रम मला या संस्थेची सगळ्यांत बोलकी गोष्ट वाटते. दार राखणारा जागेवर नसेल तर मास्टरला सभा उघडताच येत नाही, आणि ही गोष्ट दर सभेत सगळ्यांसमोर कबूल केली जाते.

मास्टर

त्याला वर्शिपफुल मास्टर असे संबोधतात. स्कॉटिश परंपरेच्या लॉजमध्ये हेच संबोधन राइट वर्शिपफुल मास्टर असे होते. ‘वर्शिपफुल’ म्हणजे पूजनीय असा अर्थ मराठीत लगेच मनात येतो आणि त्यातून गैरसमज होतात. जुन्या इंग्रजीत हा ‘माननीय’ या अर्थाचा शब्द होता. इंग्लंडमध्ये तो दंडाधिकाऱ्यांना आणि व्यापारी संघांनाही लावत आणि आजही लावतात. लॉजच्या अध्यक्षाची कोणी पूजा करत नाही.

मास्टर एका वर्षासाठी निवडला जातो. इंग्लिश नियमाप्रमाणे सलग दोन वर्षांपेक्षा जास्त राहायचे तर वरून खास परवानगी लागते. त्याआधी त्याने वॉर्डन म्हणून वर्ष काढलेले असावे लागते. लॉजची सनद म्हणजे ग्रँड लॉजने दिलेला स्थापनेचा दाखला. तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी व्यक्तिशः मास्टरवर असते. दीक्षा देण्याचे विधी तो चालवतो. सभेत नियमाचा प्रश्न उठला तर त्याचा निर्णय तिथे अंतिम असतो, मात्र त्याविरुद्ध वरच्या मंडळाकडे दाद मागता येते. बहुतेक पदाधिकारी तोच नेमतो. खजिनदाराची मात्र सभासद निवडणूक करतात, पैसा आणि हातोडी एकाच मर्जीवर राहू नये म्हणून ही तजवीज शहाणपणाची आहे. अमेरिकेतल्या बहुतेक लॉजमध्ये दोघे वॉर्डनही निवडूनच येतात.

मास्टरच्या गळ्यातल्या पट्टीला गुण्या लटकत असतो. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते गवंडी गुण्या लावून बघतो. मास्टरने आपले वागणे आणि इतरांचे वाद त्याच मापाने तपासावेत असा त्याचा अर्थ लावला जातो.

दोन वॉर्डन

सीनियर वॉर्डन पश्चिमेला बसतो, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला. युरोपात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे माध्यान्हीचा पहारेकरी दक्षिणेला. उत्तरेला सूर्य जात नाही, म्हणून तिथे प्रमुख अधिकाऱ्याचे आसनच नसते. सीनियर वॉर्डनचे काम मावळतीचे: मास्टरच्या आज्ञेने लॉज बंद करायचे, आणि त्याआधी प्रत्येक बंधूला त्याचे देणे मिळाले आहे ना हे पाहायचे. ज्युनियर वॉर्डनचे काम दुपारचे: बंधूंना कामावरून विश्रांतीला आणि विश्रांतीवरून कामाला बोलवायचे. बाहेरून आलेल्या पाहुण्या सभासदाची पारख करण्याची जबाबदारीही परंपरेने त्याचीच. इनर गार्ड त्याच्या हुकमतीत असतो.

सीनियरच्या पट्टीला पाणसळ, ज्युनियरच्या पट्टीला ओळंबा. पाणसळ समतेची, ओळंबा सरळपणाचा. वाडा बांधताना आपल्याकडचा गवंडीही याच दोन वस्तूंवर विसंबून असायचा, त्यामुळे मराठी वाचकाला हे प्रतीक समजावून सांगावे लागत नाही.

दोघांच्या पुढ्यातल्या चौरंगावर एकेक वीतभर लाकडी खांब असतो. लॉज कामात असले की सीनियर वॉर्डनचा खांब उभा आणि ज्युनियर वॉर्डनचा आडवा. जेवणाची सुट्टी झाली की उलट. उशिरा आत आलेल्या माणसालाही या दोन खांबांकडे बघून कळते की सध्या सभा कोणाच्या देखरेखीत आहे.

डीकन, इनर गार्ड, टायलर

दोघे डीकन हातात लांब काठी घेऊन वावरतात. सीनियर डीकन मास्टरच्या उजव्या हाताला बसून त्याचा निरोप सीनियर वॉर्डनकडे नेतो. ज्युनियर डीकन तिथून तो ज्युनियर वॉर्डनकडे पोचवतो. त्यांच्या पट्टीवर चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेले कबुतर असते, जलप्रलयानंतर नोहाकडे परतलेले. नव्या सभासदासाठी मात्र डीकन निरोप्यापेक्षा फार मोठा असतो. पहिल्या दीक्षेत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि ज्युनियर डीकन त्याचा हात धरून त्याला लॉजभर फिरवतो, कुठे थांबायचे, काय म्हणायचे ते कानात हळूच सांगतो. पुढच्या दोन विधींत हे काम सीनियर डीकनकडे जाते. वाक्ये बहुतेक पाठच म्हणायची असतात, म्हणून डीकनला स्वतःची आणि घाबरलेल्या उमेदवाराची अशी दुहेरी तयारी ठेवावी लागते. सभासद वर्षानुवर्षांनंतरही आपल्या डीकनचा हात आठवतात, ते उगाच नाही. या तयारीसाठी सराव लॉज असतात. लंडनमधले इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट 1823 पासून हेच काम करत आले आहे.

नवा सभासद घ्यायचा की नाही याचे गुप्त मतदान होते, तेव्हा मतपेटी फिरवण्याचे कामही डीकनांचेच. इंग्लिश नियमात विरोधाचे तीन काळे गोळे पेटीत पडले की अर्ज फेटाळला जातो. लॉज आपल्या पोटनियमांत हा आकडा आणखी कमी करू शकते.

टायलर सभेत बसत नाही. आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही, आणि तरी उमेदवाराला विधीसाठी तयार करणे, येणाऱ्यांची नोंदवहीत सही घेणे ही कामे त्याच्याकडे असतात. भारतात लॉजच्या इमारतींना लोक जादूघर म्हणत. त्या नावामागे बंद दाराचा आणि तलवारीचा हात मोठा असणार. ती तलवार विधीची खूण आहे.

सेक्रेटरी, खजिनदार, आल्मनर

विधीच्या पदांना दिमाख आहे, पण लॉज जगते ते सेक्रेटरीवर. सभेची निमंत्रणे काढणे, इतिवृत्त लिहून पुढच्या सभेत कायम करून घेणे, वरिष्ठ मंडळाला वार्षिक अहवाल पाठवणे, दुसऱ्या लॉजशी पत्रव्यवहार हे सगळे त्याच्याकडे. मास्टर दरवर्षी बदलतो. सेक्रेटरी पुष्कळदा दहा-दहा वर्षे टिकतो. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग 1886 मध्ये लाहोरच्या होप अँड पर्सिव्हरन्स लॉजमध्ये दाखल झाला तेव्हा त्याला एकविसावे वर्ष पुरे झाले नव्हते. वयाची अट शिथिल करून त्याला घेतले, कारण लॉजला चांगला सेक्रेटरी मिळेल अशी आशा होती, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. सेक्रेटरीच्या पट्टीवर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन लेखण्या असतात. खजिनदाराच्या पट्टीवर किल्ली. वर्गणी जमा करणे, बँकेचे खाते, लेखापरीक्षण केलेला जमाखर्च दरवर्षी सभेपुढे मांडणे ही त्याची कामे.

आल्मनरची खूण म्हणजे हृदयाचे चित्र असलेली थैली. आजारी सभासदाच्या घरी जाणे, वारलेल्या सभासदाच्या पत्नीची विचारपूस ठेवणे, कोणाला पैशाची अडचण आहे हे त्याने तोंड उघडायच्या आत ओळखणे आणि मदत मिळवून देणे हे त्याचे काम. हे काम गाजावाजा न करता व्हावे लागते, म्हणून ते बाहेर दिसत नाही, आणि फ्रीमेसनरीवरच्या लेखनात तलवारीला आणि गुप्त खुणांना जेवढी जागा मिळते त्याच्या दहावा हिस्साही आल्मनरला मिळत नाही. हा मोठा अन्याय आहे. बंधुत्वाचा शब्द खरा की खोटा हे सभेबाहेरच्या या भेटींत ठरते. इंग्लिश लॉजमध्ये याच्या जोडीला चॅरिटी स्टुअर्ड असतो. तो धर्मादाय निधी गोळा करतो. त्याची खूण थापी.

चॅप्लेन प्रार्थना म्हणतो. सभासदांत वेगवेगळ्या धर्मांची माणसे असल्यामुळे भारतातल्या लॉजमध्ये एकाहून अधिक धर्मग्रंथ उघडून ठेवण्याची रीत आहे. डायरेक्टर ऑफ सेरेमनीज मिरवणूक, आसने, मानपान बघतो. स्टुअर्ड पंगतीत वाढतात आणि काम शिकतात.

पायऱ्या

स्टुअर्ड, इनर गार्ड, ज्युनियर डीकन, सीनियर डीकन, ज्युनियर वॉर्डन, सीनियर वॉर्डन, मास्टर असा चढता क्रम बहुतेक लॉजमध्ये रूढ आहे. दरवर्षी एक पायरी धरली तर मास्टरच्या आसनापर्यंत पोचायला सहासात वर्षे जातात, आणि तोवर प्रत्येक पदाचे शब्द तोंडपाठ होतात. रीत उपयोगाची आहे, पण ती मूळ नियमाशी पूर्ण जुळत नाही. जेम्स अँडरसनने लंडनच्या ग्रँड लॉजसाठी सिद्ध केलेल्या 1723 च्या नियमग्रंथात बढती खऱ्या योग्यतेवरच व्हावी, मास्टर किंवा वॉर्डन ज्येष्ठतेवरून निवडू नये असे स्पष्ट सांगितले आहे. सभासद कमी असलेल्या लॉजमध्ये ओळीत उभा आहे म्हणून माणूस पुढे सरकतो आणि हा नियम मागे पडतो. तीनशे वर्षांपूर्वीची ती ओळ पुन्हा वाचण्यासारखी आहे.

मुंबईत

भारतीयांसाठी या पदांना वेगळे मोल होते. 1840 च्या सुमारास मुंबईतल्या लॉज युरोपीय होत्या आणि माणेकजी करसेटजी यांच्यासारख्या पारशी गृहस्थाला प्रवेश नाकारला गेला. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. ईस्ट इंडिया कंपनीतले डॉक्टर जेम्स बर्न्स हे पश्चिम भारतातल्या स्कॉटिश फ्रीमेसनरीचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने 1843 मध्ये भारतीयांना प्रवेश देणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत स्थापन झाले. विद्वान आणि समाजसुधारक खरशेटजी रुस्तमजी कामा पुढे याच लॉजचे सभासद झाले. लॉजच्या खोलीत तरी देशी माणूस हातोडी हाती घेऊन सभा चालवू शकेल अशी वाट त्यातून उघडली.

24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर. तिच्या चार प्रादेशिक ग्रँड लॉजपैकी पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईच्या फोर्ट भागातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आहे. काही लॉजनी इंग्लिश, स्कॉटिश किंवा आयरिश ग्रँड लॉजशी असलेला जुना संबंध मात्र तसाच ठेवला, म्हणून एकाच शहरात मास्टरची संबोधने दोन प्रकारची ऐकू येतात.

वर्ष संपले की मास्टर आपल्या उत्तराधिकाऱ्याला आसनावर बसवतो आणि नंतर त्याच्याच डाव्या हाताला बसतो. नव्या मास्टरला शब्द आठवला नाही तर तो हळूच सुचवायचा, हे त्याचे वर्षभराचे काम. पोशाखातल्या एप्रनवरची फितीची गुलाबफुले काढून तिथे उलट्या टी-आकाराच्या चांदीच्या खुणा लागलेल्या असतात, त्यावरून तो आसनावर बसलेला माणूस आहे हे ओळखू येते. पुढच्या वर्षांत पद रिकामे असले तर अशी खूण असलेले माजी मास्टर पुन्हा इनर गार्ड म्हणून उभे राहतात, आणि पुष्कळ लॉजमध्ये टायलरची तलवार घेऊन दाराबाहेर बसणाराही एखादा माजी मास्टरच असतो.